सनद, वकीलपत्र आणि फीचा कागद

वऱ्हाडात धरण, कालवा किंवा महामार्गात ज्याचं वावर जातं, त्याच्या घरी सरकारी नोटिशीच्या मागोमाग एक माणूस येतो. तो चहा घेतो, शेजारच्या गावात कुणाला किती वाढून मिळालं ते सांगतो आणि मग मुद्द्यावर येतो. "आता एक रुपया द्याचा नाही तुमाले. मोबदला वाढून आला का त्याच्यातून वकीलसाहेबाचे इतके टक्के." ऐकणाऱ्याला हे पटतं. कापसाचे पैसे कृषी केंद्राच्या उधारीत गेलेले असतात, सोयाबीन अजून घरात आलेलं नसतं आणि जमिनीचा सरकारी आकडा तर डोळ्यांत पाणी आणणारा असतो. खिशातून काही न जाता कोणी आपल्या वतीनं भांडायला तयार असेल तर नाही कशाला म्हणायचं? कागदावर सही होते. हा माणूस कोण, त्यानं नाव घेतलेला वकील कोण आणि ज्यावर सही केली ते काय, हे तिथं कुणी विचारत नाही.

आधी त्या माणसाचंच पाहू. तो बहुतेक वेळा वकील नसतोच. पक्षकार गाठून वकिलाकडे पोचवायचा आणि त्याचा मोबदला घ्यायचा, हा त्याचा धंदा. कायद्याला तो नवा नाही. १८७९ च्या कायद्यात न्यायालयाच्या आवारातल्या दलालांची यादी करून ती लावण्याची तरतूद होती. तो जुना कायदा रद्द झाला तरी ही तरतूद सोडून द्यावी असं संसदेला वाटलं नाही. २०२३ च्या दुरुस्तीनं ती अधिवक्ता अधिनियमात कलम ४५-अ म्हणून आली आणि सप्टेंबर २०२४ अखेर लागू झाली. यादीत नाव असताना दलाली केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दंड मात्र ५०० रुपयांपर्यंतच. जवळजवळ दीडशे वर्षांनी लिहिलेल्या कलमात हा आकडा वाचून हसू येतं. दलालामार्फत भेटलेला वकील वाईटच असेल असं नाही. पण वकील न पाहता ओट्यावर बसून वकीलपत्रावर सही करू नये. अमरावती असो, अकोला असो की अचलपूर, दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, वकिलाच्या कार्यालयात जाऊन त्याच्या समोर बसावं, त्याला आपली हकीकत सांगावी आणि तो कोणते प्रश्न विचारतो ते ऐकावं. जो सातबारा, फेरफार आणि नोटिशीची तारीख मागत नाही आणि लगेच "होऊन जाईल" म्हणतो, त्याच्याकडून उठून यावं.

आता सनदेबद्दल. अमरावतीला वकिलांचं गाव म्हणण्याइतकी जुनी परंपरा आहे. दादासाहेब खापर्डे १८८४ मध्ये एलएल.बी. झाले, काही वर्षं सरकारी नोकरीत काढली आणि १८९० मध्ये अमरावतीत वकिली सुरू केली. टिळकांच्या शिक्षेविरुद्ध दाद मागायला १९०८ मध्ये ते विलायतेला गेले. रंगनाथ नरसिंह मुधोळकर हे अमरावतीचेच वकील १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष झाले. सर मोरोपंत जोशी, पुढे पंजाबराव देशमुख, अशी ही रांग आहे. त्या काळी न्यायालयात उभं राहणाऱ्यांच्या पायऱ्या होत्या. कुणी विलायतेहून आलेला बॅरिस्टर, कुणी अॅडव्होकेट, कुणी प्लीडर, कुणी मुखत्यार, आणि कोण कोणत्या न्यायालयात बोलू शकेल याचे नियम वेगवेगळे. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमानं हा पसारा आवरला. आता वकिली करणाऱ्यांचा एकच वर्ग आहे, अधिवक्ता. त्याचं नाव राज्य बार कौन्सिलच्या नोंदवहीत असलं पाहिजे. आपल्याकडे ती महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल. या नोंदणीलाच सगळे सनद म्हणतात. नोंदणी नसताना न्यायालयात वकिली करणं हा गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपर्यंत कैदेची शिक्षा आहे.

सनदेचा क्रमांक 'एमएएच' या अक्षरांनी सुरू होतो. पुढे क्रमांक असतो आणि शेवटी नोंदणीचं वर्ष. म्हणजे वकिलाची नोंदणी केव्हाची हे क्रमांकावरूनच कळतं. वकीलपत्रावर आणि ओळखपत्रावर तो असतो, आणि विचारल्यावर सांगायला कुठल्याही वकिलाला कमीपणा वाटण्याचं कारण नाही. २००९-१० च्या शैक्षणिक वर्षापासून कायद्याची पदवी घेतलेल्यांना सनदेखेरीज अखिल भारतीय बार परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. पहिली परीक्षा मार्च २०११ मध्ये झाली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ती वैध ठरवली. अमरावतीच्या पंजाबराव देशमुख विधी महाविद्यालयातून बाहेर पडलेला मुलगा आणि मुंबईहून शिकून आलेला मुलगा, दोघांना ही एकच चाळणी आहे. काळा कोट हा मात्र पुरावा नव्हे. तो शिंप्याकडे मिळतो.

सनद खरी आहे म्हणजे वकील आपल्या कामाचा आहे असं होत नाही, आणि इथं अडचण सुरू होते. डॉक्टराच्या पाटीवर हृदयरोगतज्ज्ञ की हाडांचा डॉक्टर ते लिहिलेलं असतं. वकिलाच्या पाटीवर तो अमुक प्रकारच्या दाव्यांत तज्ज्ञ आहे असं लिहायला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनीच मनाई आहे. आपण बार कौन्सिलचे सदस्य होतो किंवा न्यायाधीश होतो, हेही पाटीवर चालत नाही. जाहिरात करता येत नाही. स्वतःच्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनद क्रमांक, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढीच माहिती देता येते. तेव्हा शहरात मोठमोठे फलक लावून 'भूसंपादन तज्ज्ञ' म्हणवणारा कुणी दिसला तर त्याच्या ज्ञानाबद्दल काही कळत नाही, नियमांबद्दलची त्याची बेपर्वाई तेवढी कळते. एलएल.एम. ही शिकण्याची पदवी, तिनं उलटतपासणी येत नाही. नोटरी असणं म्हणजे काही वर्षांच्या वकिलीनंतर शासनानं दस्तऐवज साक्षांकित करण्याचा दिलेला अधिकार. त्याचा दावा चालवण्याच्या कौशल्याशी संबंध नाही. उच्च न्यायालयानं अधिकृतपणे ज्येष्ठ अधिवक्ता म्हणून नेमलेले वकील वेगळे. ते स्वतः वकीलपत्र दाखल करत नाहीत, दुसऱ्या वकिलामार्फतच उभे राहतात. त्यामुळे त्यांचं नाव सांगून तुमच्याकडून थेट वकीलपत्र कुणी मागत असेल तर काहीतरी चुकतंय.

मग अनुभव तपासायचा कसा? पूर्वी याला बाररूमच्या बाहेर चार लोकांना विचारणं एवढाच मार्ग होता. तो आजही वाईट नाही. पण आता मोबाइलवर ई-कोर्ट्सची सोय आहे. तिथं वकिलाच्या नावानं किंवा सनद क्रमांकानं जिल्ह्यातली प्रकरणं शोधता येतात. ज्याला तुमचं काम द्यायचं आहे तो खरोखर कोणत्या प्रकारची प्रकरणं चालवतो, ते तासाभरात दिसतं. फौजदारी जामिनांत दिवस घालवणारा वकील उत्तम असू शकतो, तरी वाटणीच्या दाव्याला तो योग्य असेलच असं नाही. महामार्गाच्या जमिनीचं तर आणखी वेगळं आहे. अमरावती ते अकोला हा रस्ता, जिथं जून २०२२ मध्ये लोणी ते माना ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा सलग टाकून गिनीज विक्रम झाला, राष्ट्रीय महामार्गात मोडतो. अशा महामार्गासाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्याचा वाद आधी लवादापुढे जातो. पाटबंधाऱ्याच्या जमिनीचा वाद भूसंपादन कायद्याच्या वाटेनं जातो. दोन्हींच्या मुदती निराळ्या, पुरावा मांडण्याची रीत निराळी. "लवादापुढे किती प्रकरणं चालवली?" हा प्रश्न उद्धट नाही.

वकील ठरला की वकीलपत्र. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे हे लेखी आणि पक्षकाराच्या सहीचं लागतं, आणि एकदा दाखल झालं की न्यायालयाच्या परवानगीनं संपेपर्यंत ते चालू राहतं. छापील वकीलपत्रात बारीक अक्षरांत बरंच काही असतं. तडजोड करण्याचा, दावा काढून घेण्याचा, न्यायालयातून पैसे उचलण्याचा अधिकार त्यात देऊन टाकलेला असतो. बहुतेक वकील त्याचा गैरवापर करत नाहीत. पण पैसे उचलण्याचं आणि तडजोडीचं वाक्य खोडून शेजारी सही करण्याचा हक्क पक्षकाराला आहे, आणि तो वापरला तर वकिलानं रागावू नये. कोऱ्या वकीलपत्रावर, कोऱ्या स्टँप पेपरवर किंवा कोऱ्या धनादेशावर सही द्यायची नाही. मोबदल्याच्या आणि अपघाताच्या प्रकरणांत हे विशेष जपावं. मोटार अपघाताची भरपाई थेट दावेदाराच्या बँक खात्यात वळवण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये दिले, ते उगीच नाही.

फी. या शब्दाशी वऱ्हाडी माणूस अडखळतो. "साहेब, फी किती लागन?" हे तो उठता उठता, दाराशी विचारतो आणि वकील म्हणतो, "पाहू ना नंतर." दोघांनाही त्या क्षणी बरं वाटतं. नंतरची भांडणं इथून निघतात. वकिलांच्या फीचं सरकारी दरपत्रक नाही. आपला दर्जा आणि कामाचं स्वरूप यांना धरून फी घ्यावी, एवढंच नियम सांगतात. त्यामुळे एकाच प्रकारच्या वाटणीच्या दाव्याला अकोल्यात एक वकील दुसऱ्याच्या तिप्पट मागेल आणि दोघांचंही बरोबर असेल.

फी तीन-चार तऱ्हांनी ठरते. काही वकील पूर्ण दाव्याची एकरकमी सांगतात. काही टप्प्यांची सांगतात, म्हणजे दावा दाखल करण्याचे इतके, मनाई हुकमाच्या अर्जाचे इतके, पुराव्याचे इतके, युक्तिवादाचे इतके. तालुक्याच्या ठिकाणी पेशीची फी चालते, दर तारखेला ठरलेली रक्कम. माझ्या मते दिवाणी दाव्याला पेशीची फी सर्वांत महाग पडते, कारण तारखा किती पडतील हे ना पक्षकाराच्या हातात असतं ना वकिलाच्या, आणि ज्या दिवशी न्यायाधीश रजेवर असतात किंवा समोरच्यानं वेळ मागितलेला असतो त्या दिवशीही पैसे जातात. एकरकमीत उलट धोका आहे. सगळी रक्कम आधी दिली की फोन उचलायला उशीर होऊ लागतो. टप्प्यांची फी दोघांनाही जागं ठेवते.

एकरकमी असो की टप्प्यांची, त्यात काय धरलं आहे ते विचारल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. दावा हरला तर जिल्हा न्यायालयातलं अपील त्यातच की वेगळं? नागपूर खंडपीठात जावं लागलं तर हाच वकील जाणार की तिथला दुसरा नेमायचा? अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटर आणि अकोल्याहून त्याहून कितीतरी लांब. त्या एका दिवसाचा खर्च कुणाचा? निकाल लागल्यावर दरखास्त करून ताबा किंवा पैसे प्रत्यक्ष मिळवण्याचं काम त्यात आहे का? जिंकूनही वर्षानुवर्षं हाती काही न आलेले लोक याच प्रश्नावर अडलेले असतात. फी वेगळी आणि खर्च वेगळा, हेही पहिल्याच बैठकीत सांगून घ्यावं. कोर्ट फी स्टँप, समन्सचा भत्ता, टंकलेखन, नकला, वकीलपत्रावरचं वकील कल्याण निधीचं तिकीट, कारकुनाचे पैसे, हे सगळं फीच्या वर येतं. बायकांना पोटगी, घटस्फोट, हिंसाचार अशा प्रकरणांत १९९४ च्या शासकीय अधिसूचनेनं महाराष्ट्रात कोर्ट फी माफ आहे, तरी ती मागितली जाते, कारण ही माफी माहीत असणारी माणसं थोडी. खासगी पक्षकाराला वैयक्तिक वकिलाच्या सेवेवर जीएसटी लागत नाही. बिलात तो दिसला तर कशाचा म्हणून विचारावं. दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख एका व्यवहारात घ्यायला आयकर कायद्याची बंदी आहे.

फीचा कागद म्हणून मोठा करारनामा लागत नाही. एका पानावर दोघांची नावं, प्रकरण कोणतं, फी किती, केव्हा केव्हा द्यायची, त्यात काय नाही, आणि खर्चाची पावती मिळणार, एवढं पुरे. पैसे बँकेतून द्यावेत, रोख दिले तर पावती घ्यावी. आणखी एक भ्रम असतो, की जिंकलो तर समोरच्याकडून वकिलाची फी वसूल होईल. हुकूमनाम्याच्या शेवटी खर्चाचा तक्ता असतो खरा, पण त्यात वकिलाची फी नियमातल्या हिशेबानं धरतात. तुम्ही दिलेल्या रकमेच्या जवळपासही ती जात नाही.

टक्केवारीकडे परत. दाव्याच्या निकालावर अवलंबून फी ठरवू नये आणि मिळालेल्या रकमेत वाटा घेऊ नये, असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा स्पष्ट नियम आहे. १९५४ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं 'जी' एवढ्याच अक्षरानं निकालात उल्लेखलेल्या एका ज्येष्ठ वकिलाच्या प्रकरणात वसुलीतला वाटा ठरवणं हे व्यावसायिक गैरवर्तन मानलं. डिसेंबर २०१७ मध्ये बी. सुनीता विरुद्ध तेलंगणा राज्य या प्रकरणात नवरा अपघातात गमावलेल्या बाईकडून वकिलानं भरपाईच्या टक्क्यांवर फी मागितली होती, तिनं दिलेला धनादेश वटला नाही आणि त्यानं तिच्यावर फौजदारी खटला टाकला. न्यायालयानं तो खटला रद्द केला, कारण अशी फी सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे आणि तिची वसुली धनादेशाच्या कायद्यानं करता येत नाही.

अमेरिकेत राहणारा भाचा मात्र फोनवर सांगेल की तिकडे अपघाताच्या खटल्यात वकील आधी पैसे घेतच नाही, जिंकला तर साधारण एक तृतीयांश घेतो. ते खरं आहे. इंग्लंडनंही नव्वदीच्या दशकात काही अटींसह जिंकलं तरच फी घेण्याची मुभा दिली. आपल्याकडची गंमत अशी की वकिलाला बंदी असली तरी तिऱ्हाइताला नाही. दाव्याला पैसा पुरवून त्यात हिस्सा घेणाऱ्या तिऱ्हाइताची दखल महाराष्ट्रानं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २५ मध्ये केलेल्या दुरुस्तीनं घेतली आहे, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही वकील नसलेल्यांवर असं बंधन नसल्याचं नोंदवलं. म्हणजे सावकार चालतो, वकील चालत नाही. यामागचं तत्त्व मला पटतं. ज्याचा वाटा निकालात आहे तो वकील पुराव्याशी खेळायला किंवा लवकर सोडवून घ्यायला मोहात पडतो. पण बंदी घालताना ज्याच्याकडे आधी द्यायला पैसे नाहीत त्याचं काय, हा प्रश्न उरला आणि टक्केवारी तिथूनच रांगत आत येते.

त्या प्रश्नाची दोन उत्तरं कायद्यात आहेत, दोन्ही कमी माहीत. पहिलं असं. शेजारच्याची जमीन त्याच अधिसूचनेत गेली, त्यानं न्यायालयातून वाढीव मोबदला मिळवला आणि तुम्ही दावाच केला नव्हता, तरी त्या निवाड्यापासून तीन महिन्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करून तुमच्या मोबदल्याचीही फेरनिश्चिती मागता येते. जुन्या १८९४ च्या कायद्यात हे कलम २८-अ होतं, २०१३ च्या कायद्यात ते ७३ आहे. अर्ज साधा असतो. मुदत मात्र चुकली तर गेली. दुसरं उत्तर म्हणजे विधी सेवा प्राधिकरण. १९८७ च्या कायद्यानं स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. म्हणजे धारणीचा कोरकू शेतकरी किंवा शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत जिच्या नावावर वावर झालं ती बाई, दोघांनाही हक्क आहे. तिच्या नावावर दहा एकर असले तरी. जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते, १५१०० हा फोन क्रमांक आहे. या योजनेतल्या वकिलानं पक्षकाराकडून पैसे घ्यायचे नसतात. मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवावं.

वकिलाशी बिनसलं तर ग्राहक आयोगात जाता येत नाही. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही असा निकाल दिला. गैरवर्तनाची तक्रार मुंबईतल्या बार कौन्सिलकडे करायची. समज, निलंबन किंवा नोंदवहीतून नाव काढणं अशा शिक्षा आहेत आणि वर्षभरात निकाल लागला नाही तर प्रकरण दिल्लीच्या बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. फक्त दावा हरला ही तक्रार होत नाही. वकील बदलायचा असेल तर आधीच्याची संमती घेतात, आणि ती मिळाली नाही तर नवा वकील कारणं सांगून न्यायालयाची परवानगी मागतो. फी बाकी आहे म्हणून फाइल अडवून ठेवण्याचा अधिकार वकिलाला नाही, हे २००० मध्ये आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात ठरलं. बाकी फीसाठी तो वेगळा दावा करू शकतो, फाइल मात्र द्यावीच लागते.

आणि ती लगेच लागते. जिल्हा न्यायालयात अपिलाला तीस दिवस, उच्च न्यायालयात नव्वद. नक्कल मागितल्यापासून ती तयार होईपर्यंतचे दिवस यातून वगळतात, म्हणून निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज टाकावा. तो टाकायला वकील लागत नाही, प्रकरणाचा क्रमांक लागतो.